गळक्या पेनांच्या कारखान्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, पेनांच्या कारखान्याची निवृत्त मालकीण, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे सांगितले, फक्त रक्तदाबाची गोळी वाढवली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आमच्या घराण्यात दबाव आणणारी मी एकटीच होते.

१. राहते घर विकून येईल ते कारखान्यातल्या जुन्या कामगारांना सारखे वाटावे. त्यांचा पुढारी माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उठेल. त्याला बसवावे. त्याचे दोन शब्द मी कारखान्याच्या फाटकावर ऐकले आहेत.

२. पेन उत्पादक संघाची सचिव म्हणून मिळालेली मानचिन्हे भंगारात द्यावीत. परदेशी पेनांवर जबर आयातकर राहावा म्हणून मी वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. अर्ज ठरलेला: "आमचा उद्योग बाल्यावस्थेत आहे, आणखी पाच वर्षे आधार द्यावा." शेवटच्या खेपेला तिथला अधिकारी म्हणाला, "बाई, तुमचं बाळ माझ्या वयाचं झालं. चालतं का अजून?"

"चालतं," मी म्हणाले, "पण हात सोडला की रडतं."

कॉन्व्हेंटात नन्सनी खरे बोलायची सवय लावली होती, ती नको तिथे उपयोगी पडली. कर मात्र वाढवून मिळाला. लोकांना दुसरे पेन परवडतच नव्हते, त्यामुळे आमचे खपत होते आणि गळती थांबवायची घाई आम्हाला नव्हती. कितीतरी सदऱ्यांचे खिसे आम्ही निळे केले. तक्रार आली की मी वळणदार अक्षरात उत्तर पाठवायची, "पेन उभे ठेवावे." त्या उत्तरावरही डाग असायचा.

३. आता माझी धाकटी बहीण. आमची निब परदेशातून यायची. म्हणून पेनावरचा कर वाढवा आणि निबेवरचा काढा, असे दोन अर्ज मी एकाच सकाळी लिहिले. त्याच सुमारास धाकटीने मागच्या शेडमध्ये निब बनवायला घेतली होती. ती म्हणाली, "ताई, माझंही बाळच आहे गं. निबेवरचा कर थोडी वर्षं राहू दे."

"स्पर्धेला घाबरतेस काय? स्पर्धेनं माल सुधारतो." हे मी म्हणाले. मी!

निबेवरचा कर गेला आणि धाकटीची शेड बंद पडली. तिने परदेशी पेनांची एजन्सी घेतली. पुढे सरकारने पेनांवरचाही कर उतरवला, तेव्हा तिने ट्रक भरभरून पेने आणली. ती गळत नव्हती. माझ्या कारखान्याला कुलूप लागले. मी फोनवर ओरडले, "घर बुडवलंस!" ती म्हणाली, "ताई, स्पर्धेनं माल सुधारतो." तेव्हापासून तिला माझ्या घरात प्रवेशबंदी आहे. सरकारने सगळी दारे उघडली, मी हे एक बंद राखले.

सरकारवरचा राग मी कायम ठेवून जात आहे. हात सोडायचा तर आधी सांगून सोडावा. इतकी वर्षे कडेवर घेतलेले एका अर्थसंकल्पात खाली टाकले. मी आपटले ते ठीकच झाले, पण कामगारांचा काय गुन्हा? खिसे निळे करायचे त्यांनी ठरवले नव्हते.

४. कारखाना आणि मागची शेड भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. ती आईला न सांगता माझ्याकडे येते. म्हणते, "मावशी, यंत्रं बाहेरून आणीन, निब इथे बनवीन, पेनं जगभर विकीन." मी अट घातली होती की आत एकही परदेशी वस्तू येता कामा नये. वकीलबाईंनी माझ्या जुन्या यंत्रांवरच्या पाट्या मला वाचून दाखवल्या. एकही यंत्र इथले नव्हते. अट खोडली आहे. नवी अट अशी: सरकारचा आधार मागावासा वाटला तर खुशाल मागावा, पण तो कधी सोडणार ते त्याच अर्जात लिहावे. आणि पेन गळते असे कोणी म्हणाले तर आधी पेन बघावे.

५. माझे रोजचे पेनही भाचीलाच. त्याची निब धाकटीच्या शेडमधली आहे. तिचा माल वाईट, याचा पुरावा म्हणून ठेवली होती. ती लवकर झिजावी म्हणून पुढचे सगळे अर्ज मी त्याच निबेने लिहिले. अजून झिजलेली नाही.

६. धाकटीला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, सख्खी बहीण आहे. निदान एक खुर्ची तरी ठेवा." नाही म्हणजे नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे त्यांनीच मला सांगितले. आणि मला साक्षीदार धाकटीच हवी आहे. सही करायला तिला आत यावे लागेल. प्रवेशबंदी आजपासून उठवली आहे. टप्प्याटप्प्याने उठवण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो.

मृत्युपत्र करणारीची सही: केली आहे. तिच्याखालचा डाग माझ्या कारखान्याच्या पेनाचा आहे, खाडाखोड समजू नये.

साक्षीदार पहिली, शेजारची डॉक्टर: सही माझ्यासमोर झाली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. दोघी भांडत आहेत.

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: सही आणि डाग, दोन्ही माझ्यासमोर झाले. माझे पेन आणले होते, पण ताईच्याच पेनाने सही केली. निब ओळखली.