धूळ जागा बदलत नाही

१० नोव्हेंबर
हरिहरेश्वरला पोचलो एकदाचा! विनेशभाऊंच्या फोटो स्टुडिओत नोकरी, वर राहायला खोली, खिडकीखाली किनारा, ताटात रोज मासे. पुण्यात काय ठेवलंय? भाऊंचा कॅमेरा मात्र उकिरडा. भले गृहस्थ खाऱ्या वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलतात! रबरी फुग्याने हवा मारली, ओल्या पट्टीने लेन्समागचा सेन्सर पुसला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तपासला. एक कण नाही. माझ्या हाताखाली धूळ टिकत नाही, असं भाऊंना ऐकवलंही.

१२ नोव्हेंबर
दुपारी किनाऱ्यावर एका नवरा-नवरीचे तीन फोटो काढले. तिथेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर मागे समुद्रात काळा ठिपका. अस्सा संतापलो! फुग्याने पुन्हा हवा मारली. घरी येऊन तिन्ही फोटोंतून ठिपका खोडला आणि आडवा झालो.

१३ नोव्हेंबर
कोळीवाड्यातला अनंता कालपासून बेपत्ता. होडी उलटी सापडली. त्याची आई रतनबाई स्टुडिओत आली. काल किनाऱ्यावर काढलेल्या फोटोत पोर दिसतंय का बघ, म्हणाली. खडपाच्या, त्या समुद्रातल्या खडकाच्या, अलीकडे की पलीकडे कळलं तर माणसं तिथे शोधतील.
ती गेल्यावर मूळ फोटो उघडले. धूळ तिन्ही फोटोंत एकाच जागी दिसते. हा ठिपका सरकत होता. मोठा करून पाहिला. डोकं, आणि वर केलेला हात.
काल मान वर करून नुसतं समोर पाहिलं असतं तर!
लोक मला फाडून खातील. मूळ फोटो पुसून टाकले. रतनबाईला काही दिसत नाही म्हणून कळवलं.

१५ नोव्हेंबर
भिंतीच्या फोटोत ठिपका. पुसला. पुढच्या फोटोत मोठा झाला. भाऊंनी टोमणा मारला, तुझ्या हाताखाली धूळ टिकत नाही ना?

१७ नोव्हेंबर
पासपोर्टच्या फोटोत गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे तोच. पुसला की जवळ येतो. पट्टीवर मिठाचे खडे.
रतनबाई दारात येऊन गेली. रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, माजा अनंता लय चिवट हाय, बुडवनाऱ्याला तो सोडनार न्हाय.
तिला कळलंय. सांगून टाकायला हवं. उद्या सांगतो.

१८ नोव्हेंबर
नाही सांगितलं. भित्रा आहे मी.
आता चेहरा दिसतो. हसत नाही. नुसता बघतो—

१९ नोव्हेंबर, दुपार
सेन्सरवर ओला तळवा. आतून. पुसला जात नाही—
खोलीत पाणी. खारं. दार उघडत नाही. वही खिडकीत धरून लिहितोय—
अलीकडे, रतनबाई, खडपाच्या अलीकडे होता—
पाय धरलाय कुणीतरी—
खाली किनाऱ्यावर भाऊ. कुणी नवरा-नवरी. कॅमेरा इकडेच. मी ओरडतोय, हात वर केलाय—
फोटो काढला त्यांनी. पडद्यावर पाहिलं. आठ्या घातल्या.
भाऊ, वर बघा—
त्यांनी खिशातून रबरी फुगा काढ—