गोळीमुक्त माणसाच्या घशातली गोळी

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.४०
रक्तदाबाची गोळी घशात अडकली आहे. दोष गोळीचा. आमच्या 'गोळीमुक्त जीवन' या लेखमालेचा चौथा भाग कालच्या रविवार पुरवणीत आला. अशा लेखकाने घरात उघड्यावर गोळी घेणं बरं दिसत नाही, म्हणून बाथरूममध्ये कडी लावून घेतो. आज हिने दार ठोठावलं आणि घाईत कोरडीच गिळली. तूर्त कंठमण्याखाली दोन बोटं, किंचित डावीकडे मुक्काम. दुपारपर्यंत जाईल.
लेखमाला खोटी नाही. गोळीमुक्तीच्या मार्गावर मी आहेच. मार्गावरचा माणूस अधूनमधून गोळी घेतो. रोज सकाळी.

सायंकाळी ६
गेली नाही. दोन केळी, भाताचे तीन घास न चावता, शिवाय जिन्यात चार उड्या. खालच्या बाई वर येऊन, काही पडलं का, म्हणून विचारून गेल्या. पडत नाही, हीच तर अडचण.

४, मंगळवार
औषधवाल्याला 'एका मित्राच्या' घशाबद्दल विचारलं. म्हणाला, गोळी केव्हाच खाली गेली असणार, मागे उरतो तो ओरखडा. ताठ बसून पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. आणि दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. सगळं माझ्या गळ्याकडे बघून बोलला. मित्रप्रेम म्हणून काही असतं हे या लोकांना पटतच नाही.

६, गुरुवार
ओरखडा नव्हे, गोळीच आहे. कडा जाणवतात.
दुपारी वहिनींचा हिला फोन. माझे लेख वाचून दादाने स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवस झाले. वहिनी म्हणाल्या, भावोजींनाच बोलायला सांग, माझं यांच्या कानात शिरत नाही.
हे ऐकताच घशातली गोळी लिंबाएवढी झाली.
संकल्प: उद्या फोन करून दादाला स्पष्ट सांगणे.

७, शुक्रवार
फोन केला. दादा म्हणाला, अरे, तुझ्यामुळे मी पुन्हा माणसांत आलो. आजवरच्या आयुष्यातलं त्याने केलेलं माझं पहिलं कौतुक. संस्कृतात मला शंभरपैकी नव्व्याण्णव मिळाले तेव्हा, एक कुठे सांडलास, असं विचारलं होतं त्याने. इतक्या कोमल क्षणी औषधांचा विषय औचित्याला धरून झाला नसता.

९, रविवार
पाचवा भाग आला. तो आधीच दिलेला होता, माझा नाइलाज. सहावाही आज हातासरशी लिहून टाकला.

११, मंगळवार
दादाला जिन्यात चक्कर आली. कठडा हाताशी होता म्हणून बचावला. वहिनींनी डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणतो, सहाव्या भागात चक्करेबद्दल काही असेल, थांबू. ही मला म्हणाली, अहो, जा तुम्ही, ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत.
आवंढासुद्धा उतरत नाही.
योजना: उद्या जाणे. प्रस्तावना नाही, एकही श्लोक नाही. उद्याची गोळी तिथेच, दादाच्या डोळ्यांदेखत घेणे. पुराव्यापुढे कोण बोलणार?

१२, बुधवार
दादाने तीन मित्र बोलावून ठेवले होते. भिंतीवर माझे पाचही लेख टाचणीने लावलेले. हा माझा धाकटा, म्हणाला, गोळीला शिवत नाही.
मी म्हणालो, दादा, मी रोज गोळी घेतो.
सगळे हसले. दादा म्हणाला, हा विनय लहानपणापासूनचा आहे त्याचा. मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. तर म्हणाला, माझी परीक्षा घ्यायला कुणाचं उचलून आणलंस रे?
शेवटची गोळी सर्वांसमक्ष तोंडात टाकली. घाईत पाणी मागायचं राहिलं. अडकली. खोकला, ठसका, डोळ्यांत पाणी. दादाने पाठीवर थापट्या मारत मित्रांना समजावलं, बघा, सवय नाही ना त्याला.
वहिनी हसल्या नाहीत. मला पाणी दिलं आणि खाली पडलेलं पाकीट उचलून उलटं केलं. विसरायला नको म्हणून गोळीच्या प्रत्येक घरामागे मी पेनाने तारीख घालतो. त्यांनी चष्मा लावून पंधराही तारखा वाचल्या. दोन रविवारांपाशी जरा थांबल्या. मग ते पाकीट भिंतीवर, पाचव्या भागाच्या शेजारी, टाचणीने लावलं.
दादा उठून वाचायला गेला. माझ्या हातचं एक अक्षरही तो सोडत नाही.