शेवंतीला पेट्रोलचा वास

अमरावती,
२४ जानेवारी १९५९

तीर्थरूप जानरावमामांस भाची शकुनचा वाकून नमस्कार. मामींच्याही पाया पडते. इकडे सर्व ठीक आहे (इंदूआत्याचे डोके दुखते, आईला मळमळते आणि बाबा बिडी ओढायला बांधापलीकडे जाऊन बसतात, एवढे सोडून). मामींचा गुडघा कसा आहे? तुमच्या आशाच्या लग्नाला आता फार दिवस उरले नाहीत. तिच्या फुलांची काळजी लागली म्हणूनच लिहायला बसले.

दसऱ्याला तुम्ही जीप घेतलीत आणि जुनी मोटार बाबांना दिलीत, ती उत्तम आहे. बाबांनी मला शाळेआधी मळ्यातच पाटीवर अक्षरे शिकवली, तेव्हा दोन गोष्टी बजावल्या होत्या : लिहिताना खोटे लिहायचे नाही आणि कोणाचे मन दुखवायचे नाही. दोन्ही एकाच पत्रात कसे करायचे, हे सांगायचे राहून गेले. म्हणून लिहिते की मोटार उत्तम आहे आणि तिच्यात पेट्रोलचा वास येतो.

वास पहिल्यापासून होता. आम्ही तो मोटारीचा स्वभाव समजलो. रोज सकाळी मागच्या बाकावर शेवंतीच्या टोपल्या ठेवून बाबा आणि मी बाजारात जातो. देवाला वाहायचे फूल आमच्याकडे कोणी हुंगत नाही, हे तुम्ही जाणता (लहानपणी एकदा हुंगले म्हणून तुमच्याच बहिणीने माझे नाक पिळले होते). त्यामुळे आमच्या फुलांना कसला वास येतो, हे साऱ्या बाजाराला कळले तरी आम्हाला कळले नाही. शेवटी हार करणाऱ्या माणिकबाईंनी चारचौघांत टोपली परत केली. म्हणाल्या, "काहून वं शकुन, हा हार देवाले घालाचा का इंजनाले?"

घरी येऊन मी विचारात पडले. खात्री केल्याशिवाय बाबांना सांगणे बरे नाही, आणि हुंगल्याशिवाय खात्री होत नाही. अखेर चिखलात पडलेले एक फूल उचलले (ते देवाला चालत नाहीच) आणि डोळे मिटून हुंगले. माणिकबाईंचे म्हणणे खरे होते.

मग खुशालराव मिस्त्री आले. त्यांनी आधी टाकीच्या झाकणाचे रबर बदलले, मग नळी बदलली, मग आमच्या सर्वांच्या नाकांवर संशय घेतला. सगळे झाल्यावर टाकीच्या सांध्याला केसाएवढी चीर सापडली. टाकी उतरवून, पार रिकामी करून झाळावी लागेल आणि तोवर मोटार उघडी पडून राहील, असे ते म्हणाले. बाबा ऐकेनात. "जानरावनं जिवातली वस्तू देल्ली, अन् मी तिचं पोट फाडून रस्त्यावर ठेवू? लोक काय म्हनतीन, साळ्यानं भंगार देल्लं?" तेव्हा मिस्त्रींनी कपडे धुण्याचा साबण मळून चिरेत दाबून बसवला. साबण पेट्रोलात विरघळत नाही म्हणे. आणि खरेच, वास गेला. त्या संध्याकाळी आई चक्क दोन घास जेवली.

दुसऱ्या सकाळी वास हजर. पुन्हा साबण, पुन्हा वास. मिस्त्री साबणवाल्याशी भांडून आले. असे बरेच दिवस चालले, आणि मग एका पहाटे मला कारण दिसले. देवाची फुले बिनधुतल्या गाडीत जाऊ नयेत म्हणून इंदूआत्या रोज मोटारीला आंघोळ घालते, आणि वास येतो तिथे जास्त घासते. साबण पेट्रोलात विरघळत नसला तरी पाण्यात विरघळतो. मी तिला शांतपणे समजावले. तिनेही शांतपणे ऐकून घेतले. "तुमचा मिस्तरी साबन लावून तसाच निंगून जाते," ती म्हणाली, "मंग पानी कोन टाकीन? मीच ना?" आता ती दोन बादल्या ओतते. मी बोलायचे सोडले आहे, मामा. थकले.

पण आशाच्या मुंडावळ्या आणि हार आमच्याच मळ्यातले. बाबांनी ते याच मोटारीतून आणायचे ठरवले आहे, म्हणजे तुमची देणगी साऱ्या अकोल्याला दिसेल. इथून तिथवर फुले काचा लावलेल्या गाडीत कोंडून राहणार. आणि मुंडावळ्या नेमक्या नाकाशेजारी लोंबतात. पुढे जन्मभर आशाला लग्न आठवले की पेट्रोल आठवेल. ते पाप माझ्या शेवंतीच्या माथी नको.

मोटारीबद्दल तक्रार मुळीच नाही, हे पुन्हा लिहिते.

तुमची,
शकुन

ता. क. विनंती एवढीच, की फुले बडनेऱ्याहून रेल्वेने पाठवा असे तुम्ही आपणहून बाबांना लिहावे. कारण तुम्हाला सुचेल ते द्या. खोटे कारण मला सुचवता येत नाही. मी लिहिले हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट पेटीत टाकायला निघाले तर बाबांनी अडवले. पोस्टात कशाला, म्हणाले, उद्या मीच मोटार घेऊन अकोल्याला जातो. पाकीट ते फोडणार नाहीत, पण तुम्ही वाचाल तेव्हा ते समोर बसून तुमचा चेहरा पाहत असतील. मधूनमधून हसावे. मोटार लग्नापर्यंत तिकडेच ठेवून घेता आली तर पाहा. फक्त वरातीला लागते असे म्हणू नका, बाबा आशाला तिच्यातच बसवतील. एक साबणवडी पाकिटासोबत ठेवली आहे. तुमच्याकडे मोटार कोणी धुवत नसल्यामुळे ती टिकेल असे वाटले होते.

शेवटचे. इंदूआत्याही येत आहे. बादली तिने मागच्या बाकावर ठेवली.