ग्रेसचे मार्क

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीची चार तारखेला बंद पडली होती, पण तेव्हा पेन बरं नव्हतं.
डॉक्टर म्हणतात, हर्निया आहे, वीस तारखेला ऑपरेशन करून टाकू, मग महिनाभर जड उचलायचं नाही. मी म्हटलं, जड मी कुठं उचलतो? फक्त धाकट्या भावाला उचलतो. त्यांनी वजन विचारलं. चौऱ्याऐंशी किलो. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
घरात त्याला छोटू म्हणतात. वय छप्पन्न. दोन वर्षांचा असताना ताप मेंदूत गेला, तेव्हापासून पाय चालत नाहीत. शब्द तीन: दा, नको, पुन्हा. 'दा' म्हणजे मी.
उचलण्यात ताकद नसतेच, ताल असतो. तिसरीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणायची आणि चौथ्या ओळीच्या यमकावर उचलायचं. आईची पद्धत. बावीस वर्षांपूर्वी जाताना ती छोटूला आणि कवितेला माझ्या हवाली करून गेली. दोन्ही नीट सांभाळली आहेत.

५ फेब्रुवारी. दुपार.
डॉक्टरांनी धाडलेली समाजसेविका आली. निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी. मागचा बाक, खिडकीकडची जागा. शहरात विसावा केंद्र आहे म्हणे, अपंग माणसाला काही दिवस ठेवून घेतात, म्हणजे घरच्यांना जरा दम खाता येतो. मी म्हटलं, मला दम लागतच नाही. (नुकताच जिना चढून आलो होतो, म्हणून वाक्य दोन हप्त्यांत म्हटलं.) ती म्हणाली, "सर, फॉर्म तेवढा भरा. केंद्रात जागा मिळाली तरच ऑपरेशन, नाहीतर काकांना उचलणार कोण?"
मोकळ्या महिन्यात 'शाळेतल्या कवितांच्या आठवणी' लिहून पूर्ण करायच्या. रोज दहा पानं. जमेल.

७ फेब्रुवारी. सकाळी १०.
फॉर्म भरला. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे ० ते ५. बघताच हात आपोआप लाल पेनाकडे गेला. चौतीस वर्षं पेपर तपासले, एकही पोर माझ्या हातून नापास झालेलं नाही. मग घरचंच का करावं?
बोलणं: शब्द मोजके, उच्चार स्वच्छ. ५. जेवण: भरवलं तर सगळं जेवतो. ४. चालणं: इच्छा आहे. ३, अधिक ग्रेस १. कप धरणं: हे मीच करतो, लहानपणी एकदा चहाने भाजला होता. पण भाजेपर्यंत धरत होताच की. ३.
एकूण पन्नासपैकी एक्केचाळीस. ब्याऐंशी टक्के. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला बसला आणि पहिल्या वर्गात! छोटूला सांगितलं. म्हणाला, "पुन्हा." पुन्हा सांगितलं.
खाली 'काळजी घेणाऱ्याची प्रकृती'. स्वतःला पाच. संकोच वाटला, पण खोटी नम्रता बरी नव्हे.

१२ फेब्रुवारी. दुपार.
केंद्राचं पत्र. "सदर व्यक्ती बऱ्याच अंशी स्वावलंबी व काळजीवाहक पूर्ण सक्षम असल्याचे आढळते." ऊर भरून आला. शेजारच्या वहिनींना मुद्दाम वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातातून घेतलं, खाली बोट ठेवलं. "अहो भाऊजी, नाही म्हणालेत ते."
असो. ऑपरेशन पुढे ढकलू. पोटाला पट्टा आवळून बांधला की काही जाणवत नाही. जाणवलं तरी थोडंच.

१४ फेब्रुवारी. संध्याकाळ.
अक्षर बिघडलंय. थंडी असावी.
सकाळी छोटूला खाटेवरून उचलताना तिसऱ्याच ओळीला पोटात कळ आली. यमकापर्यंत पोचलो नाही. मी खाली, छोटू माझ्यावर. त्याला हलता येईना, मला त्याच्याखालून निघता येईना. नदीची कविता अकरा वेळा म्हणून झाली. तो "दा, दा" करत माझ्या गालावर थापट्या मारत होता. कितव्या वेळेला रडू लागला ते आठवत नाही. वहिनी दुधाची पिशवी द्यायला आल्या, त्यांनी वॉचमनला बोलावलं.
याला पडणं म्हणता येणार नाही. बसलो, जरा जोरात.

१५ फेब्रुवारी. सकाळी ११.
समाजसेविका. वहिनींनी फोन केला असणार, पोटात काही राहत नाही त्यांच्या. नवा फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, ही परीक्षा नाही." मी म्हटलं, एकदा तपासलेला पेपर पुन्हा तपासायची पद्धत नाही. ती म्हणाली, "नववीला तुम्ही मला सात ग्रेस दिलेत, सर. विसरले नाही. पण आता काकांना नापास करा. आणि स्वतःलाही."
काळं पेन दिलं. एकेक विचारत गेली. "एकटे जेवतात?" नाही. "चालतात?" नाही. "कप धरतात?" नाही. शून्य मी माझ्या हाताने घातला. "तुम्ही काल पडलात?" बसलो. तिनं प्रश्नावर पुन्हा बोट ठेवलं. पडलो.
छोटू, पन्नासपैकी सहा. मी, पाचपैकी एक. तो एकही तिनंच दिला, अक्षर सुंदर आहे म्हणून.
छोटू समोर बसून हसत होता. निकाल त्याला सांगितला नाही.

१९ फेब्रुवारी. दुपार.
तातडीची जागा मिळाली. छोटू गेला. सोबत सूचनांची चार पानं आणि नदीची कविता मोठ्या अक्षरात. गाडीत बसताना रडेल म्हणून रुमाल घेतला होता. तो मलाच लागला.
तीन दिवसांत केंद्रातून फोन येणार, घेऊन जा म्हणून. इथे लिहून ठेवतो.
'आठवणी' आज सुरू. शीर्षक लिहिलं. मग चहा केला, दोन कप. दोन्ही निवले.

२२ फेब्रुवारी. हॉस्पिटल. संध्याकाळी ५.
परवा ऑपरेशन झालं. सकाळी नर्सनं माझा तक्ता भरला. ० ते ५! उठणं १, चालणं ०. म्हटलं, सिस्टर, थोडे ग्रेस? म्हणाली, "आजोबा, पडून राहा." चहा तिनंच कप धरून पाजला.
चारला फोन आला. केंद्रातून नव्हे, समाजसेविकेचा. घाईघाईनं विचारलं, फार रडतो का? "नाही हो." उचलताना कविता कोण म्हणतं? "सर, तिथं यंत्र आहे. पट्ट्यात बसवतात, बटण दाबतात. काकांना इतकं आवडलंय, खाली ठेवलं की 'पुन्हा' म्हणतात."
मग म्हणाली, "आणि सर, काका कप स्वतः धरतात. दोन्ही हातांनी." म्हटलं, शिकवलं कुणी? कुणीच नाही. पहिल्याच दिवशी मदतनीस बाई कोमट चहा समोर ठेवून दुसऱ्या कुणाकडे वळली. ती परत येईपर्यंत त्यानं कप उचलला होता.
कधीपासून येत होतं त्याला? छप्पन्न वर्षांत मी एकदाही दुसरीकडे वळलो नाही.
आत्ता चहा आला. नर्स पलीकडच्या खाटेपाशी आहे. हात लांबवून पाहिला. चार बोटं कमी पडतात.
चहा निवतोय.