गव्हाला फुटलेले कल्ले

प्रिय ठमे,

पत्र पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, कारण दोन वर्षांत मी तुला साधा निरोपही धाडला नाही. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतो कोण! आपलं डीएनए वाचायचं मशीनही धडधाकट आहे. मात्र गेल्या महिन्यात ते हातचं जायच्या बेतात होतं. महिनाअखेरपर्यंत दुप्पट नमुने वाचून झाले नाहीत तर मशीन शेजारच्या इमारतीत हलवणार, असं साहेबांनी बोलावून सांगितलं. बारा वर्षं मी त्या मशीनची धूळ पुसतेय, ठमे.

मशीनचा काही दोष नव्हता. गहूवाले सर आठ नमुन्यांसाठी दोन दिवस मशीन अडवायचे, मग माशांच्या बाई बारा नमुन्यांसाठी. जागा शंभराची! पण एकमेकांचे नमुने सोबत घ्या म्हटलं की दोघांचीही नाकं मुरडलेली. सरांनी तर एकदा मशीनवर रुमाल टाकून नंबर लावला होता. बाकीचे सहा-सहा आठवडे ताटकळत बसायचे.

शेवटी तुझीच युक्ती काढली. प्रत्येक नमुन्याच्या डीएनएला वेगळ्या नंबरची खूण जोडायची, सगळे एकाच नळीत घालून एकदम वाचायचे आणि मग खुणा बघून संगणकानं ज्याचं त्याला वाटून द्यायचं. तू हे केलंस तेव्हा गव्हाच्या निकालात मासा निघाला होता. आपल्या गव्हाला कल्ले फुटल्याचं ओरडत सर जिना उतरले, ते मला अजून दिसतात. त्यात भर म्हणजे घोळ नावाचा मासाही असतो हे कुणीतरी शोधून काढलं आणि तुला घोळबाई करून टाकलं. महिन्याभरात तू नोकरी सोडलीस.

या वेळी मी सरांना सांगितलं, बाई तयार आहेत. बाईंना सांगितलं, सर तयार आहेत. दोघंही चाट पडले आणि भिडेखातर हो म्हणाले. माझा चष्मा बदलायला झालाय, म्हणून नंबरांची यादी हातानं न लिहिता छापून घेतली. दोन दिवसांत नव्वद नमुने वाचून झाले. गहू गव्हाच्या जागी, मासे माशांच्या. मशीन राहिलं! साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि मी नव्या नवरीसारखी लाजत सगळ्या टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी फ्रीझर आवरताना तुझा जुना डबा सापडला. झाकणाला आतून मी तेव्हा तुला लिहून दिलेली खुणांच्या नंबरांची यादी चिकटवलेली होती, माझ्या अक्षरात, माझ्या हट्टाच्या मराठी आकड्यांत. गव्हाच्या एका नमुन्याला १९ नंबरची खूण द्यायची होती. पण घाईत काढलेला माझा नऊ एकासारखा दिसतो, आणि ११ नंबर माशाचा होता. काय लिहिलंय, असं सरांना सहज विचारलं. अकरा म्हणाले. बाईही अकराच म्हणाल्या. चष्मा लावून मीही अकराच वाचलं. मी जे लिहिलं होतं तेच तू वाचलंस, पोरी. आणि खरं सांगू? सगळे तुझ्याकडे बघत होते, तेव्हाच मला माझ्या आकड्यांची शंका आली होती. मी मुद्दामच ती यादी शोधून बघितली नाही. घाबरले. आज सकाळी बैठकीत हे सगळं सांगून टाकलं. साहेब तुला परत बोलावणार आहेत. यायचं की नाही ते तू ठरव, माझ्याकडे बघून ठरवू नकोस. चूक तुझी नव्हती हे सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं, ते सगळ्यांच्या शेवटी कळतंय. मला माफ कर.

तुझीच, तुझ्यापुढे उभं राहायला लाजणारी,
ताई