भांडायला गेले आणि छिन्नी धरली

५ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघे सांभाळून घातलाय. लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं, नातीने तुझंच नाक उचललंय, हे वाचून इथे एकटीच टाळ्या पिटत बसले. घर ठीक आहे. नाचाच्या तालमीची खोली रोज झाडते.

त्या खोलीमागे दगडाच्या मूर्ती घडवायचा कारखाना सुरू झाला, तेव्हा ठकठकीने तालाचा पार विचका होतो म्हणून तू मला भांडायला पाठवलंस, आठवतं? पदर खोचून गेले. ती मूर्तिकार आपल्याहून पस्तीसेक वर्षांनी लहान, धुळीने पांढरीफटक. मान वर न करताच म्हणाली, "थांबा जरा, एवढा कान होऊ दे." दगडातून घोड्याचा कान निघत होता. थांबले. कान झाला, डोळा झाला, जेवणाची वेळ टळली. भांडायचं राहूनच गेलं.

तू गेल्यापासून रोज तिथेच असते, ताई! छिन्नी-हातोडा घेऊन! "आजी, हातोडा आहे तो, पळी नव्हे!" असं ओरडते मेली. पहिलं घुबड करायला घेतलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, तसं त्याचं कासव झालं. पण काय देखणं कासव! त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि साठीची बाई मी, अंगणभर उड्या मारत सुटले. नखांची वाट लागली, दंड असे भरून येतात की वेणी घालवत नाही. झोप मात्र तान्ह्या बाळासारखी. आता चांगली हातभर लांब मासोळी घडवायला घेतलीय, शेपटी जमत आलीय!

तू म्हणशील, हौस आहे तर सकाळी कर, संध्याकाळी तालीम कर. मीही स्वतःला हेच समजावत होते. कितीदा लिहायला बसले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून कागद फाडले.

ताई, पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात मी नाचणार नाही. त्यानंतरही नाही.

पाय ठणठणीत आहेत. तुझ्यावर राग तर मुळीच नाही. पण चाळीस वर्षं डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझा हात, तुझी मान बघतच मी पाऊल टाकलं. दगडापुढे बसले त्या पहिल्या दिवशीही सवयीने बाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. मग घातला घाव! चुकला, पण माझा एकटीचा होता गं.

"लोक दोघी बहिणींना बघायला येतात, मला एकटीला कोण बघणार?" असं म्हणशील. मी बघेन. जन्म तुझ्या शेजारी नाचण्यात गेला, पण तुला नाचताना मी समोरून एकदाही पाहिलेलं नाही. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मला ठेव. चिडलीस तरी ठेव.

तुझी पाठची,
आता समोर बसायला निघालेली