पिवळे बाण परक्यांसाठी असतात

रविवार, ३ मे १९८७

ही वही आईने नाताळात दिली. रोज लिहायचं ठरलं होतं. जानेवारीत पेन धड नव्हतं, फेब्रुवारीत कार्निव्हल, मार्चमध्ये सर्दी, आणि एप्रिलभर वहीच सापडली नाही. ती पलंगाच्या लंगड्या पायाखाली होती, मीच ठेवलेली. म्हणजे याला आळस म्हणता येणार नाही. आजपासून रोज लिहिणार. पलंग हलतोय, हलू दे.

कारण गंभीर आहे. ओर्नेल्लाचे वडील, सिन्योर तुल्लिओ, चौदा तारखेला डोंगरातून खाली येताहेत. गाई, चीज आणि एकुलती एक मुलगी, एवढाच त्यांचा संसार. व्हेनिस जन्मात पाहिलेलं नाही. सकाळच्या गाडीने येणार, संध्याकाळच्या गाडीने परत, कारण गाई थांबत नाहीत. ओर्नेल्लाला औषधांच्या दुकानातून सुट्टी नाही. फिरवणार मी.

ओर्नेल्ला म्हणाली, हॉटेलची शाळा तू अर्धी सोडलीस, होड्यांच्या कारखान्यातून आठवड्यात पळालास, त्रिएस्तेला जातो म्हणून निघालास आणि उलट्या दिशेला पादोव्यात उतरलास. आता एक गोष्ट, एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखव. बाबांना सान मार्कोचा चौक दाखव आणि परत गाडीत बसवून दे. मग आपल्या साखरपुड्याचं मी स्वतः त्यांच्याशी बोलते.

नाही जमलं तर काय, हे मी विचारलं नाही. न जमायला हे काय त्रिएस्ते आहे?

मंगळवार, ५ मे

काल लिहिलं नाही. वहीला एक दिवस मुरू दिलं.

सिन्योर तुल्लिओंशी फोनवर बोललो. कमी बोलतात. त्यांना फक्त एक हवंय: सान मार्कोच्या चौकात अंगावर कबुतरं बसलेला फोटो. त्यांचा मेहुणा जीनो कधीतरी येऊन गेला होता, त्याचा तसला फोटो गावच्या बारमध्ये कॉफीच्या मशीनवर लावलाय. डोक्यावर कबूतर. तेव्हापासून जीनो गावात स्वतःला समजतो काय!

मी म्हटलं, काळजी सोडा, मी अस्सल व्हेनिसचा. आजोबांचा जन्म तिथला. आम्ही राहतो मेस्त्रेत, टायरच्या दुकानावर, पण कागदोपत्री मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं. मधे फक्त खाडी आहे. हे सगळं फोनवर सांगत बसलो नाही, ट्रंककॉल महाग पडतो.

रविवार, १० मे

आज रंगीत तालीम. स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत सगळा रस्ता चालून बघायचा, असा प्लॅन. ब्रुनामावशीच्या बारपर्यंत उत्तम झाला. तिथे माझा मित्र मोमी भेटला. मग उरलेली तालीम काउंटरवरच घेतली: दातकोरण्या म्हणजे गल्ल्या, खारट मासे म्हणजे कालवे आणि मोठं हिरवं ऑलिव्ह म्हणजे सान मार्को. फार स्पष्ट दिसत होतं. मग मोमीने सान मार्को खाल्लं.

ब्रुनामावशी म्हणाली, अरे गाढवा, कशाला एवढा खटाटोप, दारातून बाहेर पड, भिंतीभिंतीवर पिवळे बाण लावलेत सान मार्को म्हणून, त्यांच्या मागे गेलं तर आंधळाही पोचेल.

मावशी मनाने चांगली, पण धंद्यामुळे तिची नजर बिघडली आहे. बाण परक्यांसाठी असतात. अस्सल माणूस बाण बघत नाही, वाट विचारत नाही, पाय नेतील तिकडे जातो. माझ्या आजोबांनी आयुष्यात एकदाही बाण पाहिला नाही. बाण लागायच्या आधीच ते गेले, हे खरं, पण पाहिला नसताच.

बुधवार, १३ मे

लवकर झोपतो.

गुरुवार, १४ मे. सकाळ, स्टेशनच्या पायऱ्या

बसच्या चुकीमुळे थोडा उशीर झाला. ती वेळेवर सुटली.

सिन्योर तुल्लिओ पायऱ्यांवर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. पाठीवर पिशवी, पिशवीत चीजचं अख्खं चाक, माझ्या आईसाठी. मी उचलतो म्हटलं तर नको म्हणाले, पोरा, तू वाट बघ, मी वजन बघतो. समोरच वॉटरबस उभी होती. ती थेट सान मार्कोला जाते ना, असं त्यांनी विचारलं. मी हसलो. म्हटलं, आपण काय पर्यटक आहोत?

निघालो तोच त्यांनी कोपऱ्यावरची भिंत दाखवली. तिथे बाण होता. मी दुसऱ्या गल्लीत शिरलो.

अकराच्या सुमारास, ब्रुनामावशीकडे

वाटेतच आहे, थोडंसं वळून. ओळखीच्या दारावरून न थांबता जाणं इथे अपमान समजतात. वाइनचा एकच छोटा ग्लास, उभ्याउभ्या, सोबत पावावर मासा, असं ठरलं. पण मोमी आधीच आत होता, त्याने पाजली. मग मला पाजणं भाग. मग सिन्योर तुल्लिओ म्हणाले, डोंगरातला माणूस कुणाचं फुकट पीत नाही. मग मोमीला वाईट वाटलं.

मावशीने त्यांना विचारलं, कबुतरं झाली का? ते म्हणाले, अजून नाही, पण हा अस्सल इथला आहे, नेईल. मावशी काउंटर पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

दुपार, कुठल्याशा पुलावर

उत्तम चाललंय. तीन वेळा गल्ली सरळ पाण्यात संपली. तिसऱ्या वेळी सिन्योर तुल्लिओंनी विचारलं, पोरा, हे पाणी मघाचंच का? मी समजावलं की इथलं पाणी भरती-ओहोटीला बदलतं, त्यामुळे मघाचं असूच शकत नाही. त्यांनी मान डोलावली. चीजच्या वासाने मागे दोन मांजरं लागली आहेत.

एका भिंतीवर दोन पिवळे बाण होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्हींवर सान मार्को! मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, बघा, यांच्यावर काय विश्वास ठेवायचा? ते म्हणाले, दोन्हीकडून जात असेल बाबा, कुठूनही चल.

मी मधल्या गल्लीतून नेलं.

तीन वाजून गेल्यावर

एका छान चौकात आलो आहोत. विहीर, चर्च, झाडाखाली बाक. सिन्योर तुल्लिओंनी बूट काढले. आता चार मांजरं. इथून सान मार्को अगदी जवळ, मला वासावरून कळतं. इतक्यात कालव्यातून मोमीची हाक आली. होडीचं इंजिन बंद पडलं होतं, जरा हात लाव म्हणाला. मित्राला नाही म्हणणारा जावई कुणाला आवडेल? सिन्योर तुल्लिओंना सांगितलं, दोन मिनिटांत येतो, इथून हलू नका.

संध्याकाळ होत आली

इंजिनाचं काम थोडं लांबलं. होडी ढकलत मोमीच्या मामाकडे न्यावी लागली. मामाने पाजली.

परत आलो. विहीर होती, चर्च होतं, बाकही होता. बाकावर एक जाडी नन बसली होती. पुढच्या चौकात गेलो. विहीर, चर्च, बाक. त्याच्या पुढच्या चौकातही विहीर. या गावात ज्याने चौक बांधले त्याला दुसरं काही सुचलंच नाही. मांजरं दिसतात का पाहिलं. सगळीकडे होती.

कुणाला विचारणार नव्हतोच. उलट एका परक्या बाईने मलाच सान मार्को विचारलं. मी आत्मविश्वासाने सरळ म्हणून सांगितलं. तिने भिंतीवरचा बाण पाहिला आणि उलटीकडे निघून गेली. असल्या लोकांना मदत करूच नये.

स्टेशन

गाडी गेली. प्रत्येक डबा पाहिला. सिन्योर तुल्लिओ नव्हते. म्हणजे आधीच्या गाडीने गेले. मी स्पष्ट सांगितलं होतं, हलू नका. डोंगरातल्या लोकांना शिस्त नाही. माणूस बेजबाबदार निघाला याचं मला ओर्नेल्लासाठी वाईट वाटतं.

आठच्या सुमारास, घर

स्लिपर घातल्या. सूप प्यायलो. बरं वाटलं.

ओर्नेल्लाचा फोन. बाबा गाडीत बसले का? म्हटलं, बसले असतील तर एव्हाना पोचत आले असतील. मग, सान मार्को पाहिलं का? म्हटलं, आज फार गर्दी असणार म्हणून शेवटी ठेवलं होतं. मग तिने फक्त, अल्वीझे, माझे बाबा कुठे आहेत, एवढंच विचारलं. म्हटलं, बहुतेक विश्रांती घेताहेत, मी बाक चांगला बघून दिला होता. मग आई हाक मारतेय सांगून फोन ठेवला.

शांतपणे पाहिलं तर दिवस वाया गेलेला नाही. सान मार्को काय, कुणीही बघतं. मी त्यांना अस्सल व्हेनिस दाखवलं. उद्या सकाळी ओर्नेल्लाला हे नीट समजावेन. किंवा शनिवारी. आता आई खरंच हाक मारतेय.

थोड्या वेळाने

घंटी वाजली होती. आई माझ्या खोलीत आली आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. तोंडात ॲप्रनचं टोक कोंबलेलं. मला वाटलं रडतेय.

हसू दाबत होती. म्हणाली, आपल्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेतलेला एक डोंगरी माणूस बसलाय, टेबलावर चीजचं चाक आहे. आत येताच तो आईला म्हणाला, बाई, आधी बसून घ्या. तुमचा मुलगा हरवलाय. चांगला पोरगा आहे, पण दिशेचं काही कळत नाही त्याला. मित्राला मदत करायला गेला तो परतलाच नाही. मी तासभर बाकावर थांबलो. मग वाटलं, दिवसभर सान मार्को सान मार्को करत होता, तिथेच गेला असेल. बाण धरून गेलो, लगेच पोचलो. सगळा चौक पालथा घातला. त्यात गाडी गेली. मग त्या बारवाल्या बाईने हा पत्ता दिला.

आईने मला फोटो दाखवला. चौकातल्या फोटोवाल्याने लगेच काढून दिलेला. टोपीवर एक कबूतर, दोन्ही खांद्यांवर एकेक. जीनोपेक्षा दोन जास्त. पण सिन्योर तुल्लिओ अगदी एका कडेला उभे आहेत, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. फोटोवाल्याला म्हणाले होते, जरा थांब, पोरगा येईलच.

आईला त्यांनी हेही सांगितलं की धीर सोडू नका, मी ओर्नेल्लालाही इकडे यायचा निरोप ठेवलाय, ती निघालीच असेल, पोलिसांत सगळे मिळून जाऊ. आणि एकदा सापडला की अशा पोराला एकट्याला सोडायचं नाही, कायमचं कुणीतरी बरोबर पाहिजे. आई म्हणते, हा होकार आहे की काय ते तिला कळलं नाही.

खाली पुन्हा घंटी वाजली. ही ओर्नेल्लाच.

आईने ॲप्रन तोंडातून काढलाय आणि विचारतेय, सापडलास म्हणून सांगू, की अजून थोडा शोधू देऊ?